सेवा बंधपत्र व प्रशिक्षणखर्चाची वसुली (भारत)

सेवा बंधपत्र म्हणजे नोकरीत रुजू होताना, प्रशिक्षणास जाताना किंवा अध्ययन रजा घेताना कर्मचाऱ्याने नियोक्त्यास लिहून दिलेले वचनपत्र होय. ठरावीक काळ सेवा करण्याचे आणि तसे न केल्यास प्रशिक्षणाचा खर्च किंवा ठरलेली रक्कम परत करण्याचे बंधन त्याद्वारे कर्मचारी स्वीकारतो. केंद्र व राज्य शासनाचे विभाग, सार्वजनिक क्षेत्रातील उपक्रम, राष्ट्रीयीकृत बँका, संशोधन संस्था आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालये यांमध्ये अशी बंधपत्रे प्रचलित आहेत. भारतीय कायद्यानुसार सेवा बंधपत्र मुळात वैध असले, तरी त्याआधारे करावयाच्या वसुलीवर करारविषयक कायदा, संविधान आणि सेवानियम यांच्या मर्यादा आहेत. कर्मचाऱ्यास सेवेत राहण्याची सक्ती करता येत नाही, त्याच्याकडून वाजवी भरपाई मात्र मागता येते, हे या विषयातील मूलभूत तत्त्व आहे.

संकल्पना

बंधपत्राचे साधारणपणे तीन प्रकार आढळतात. पहिल्या प्रकारात नियोक्त्याने प्रत्यक्ष प्रशिक्षण दिलेले असते आणि त्यावर झालेला खर्च परत मागितला जातो. दुसऱ्या प्रकारात स्वतंत्र प्रशिक्षण नसते. जाहिरात, परीक्षा, मुलाखती व नेमणूक या भरतीप्रक्रियेचा खर्च आणि पद अकाली रिक्त झाल्याने होणारी गैरसोय यांपोटी एक रक्कम आधीच ठरवलेली असते. तिसऱ्या प्रकारात शासनाने सवलतीच्या दरात उच्चशिक्षण दिलेले असते व त्याच्या बदल्यात काही काळ शासकीय सेवेची अपेक्षा असते. वैद्यकीय विद्यार्थ्यांची बंधपत्रे या प्रकारात मोडतात. तिन्ही प्रकारांना व्यवहारात 'बाँड' असेच म्हटले जाते. तथापि वसुलीचा वाद न्यायालयात गेल्यास प्रत्येक प्रकारात वेगळे प्रश्न उपस्थित होतात.

मुंबईतील भाभा अणुसंशोधन केंद्राची प्रशिक्षणशाळा हे पहिल्या प्रकाराचे परिचित उदाहरण होय. १९५७ साली सुरू झालेल्या या शाळेत निवडलेल्या अभियंत्यांना व विज्ञान पदवीधरांना विद्यावेतनासह प्रशिक्षण दिले जाते आणि त्यानंतर अणुऊर्जा विभागात किमान तीन वर्षे सेवा करण्याचे बंधपत्र त्यांच्याकडून घेतले जाते.

कायदेशीर आधार

भारतीय करार अधिनियम, १८७२

सेवा बंधपत्र हा एक करार असल्याने त्याचे मूल्यमापन प्रथम भारतीय करार अधिनियमानुसार होते. त्यातील तीन कलमे येथे विशेष महत्त्वाची आहेत.

कलम २३ नुसार ज्या कराराचे उद्दिष्ट किंवा प्रतिफल सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध असेल, तो करार शून्य ठरतो. कलम २७ नुसार कोणासही कायदेशीर व्यवसाय, व्यापार किंवा धंदा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता शून्य असतो. कलम ७४ करारभंगाच्या भरपाईविषयी आहे. करारात एखादी रक्कम आधीच नमूद केलेली असली, तरी करारभंग झाल्यावर ती संपूर्ण रक्कम आपोआप देय होत नाही. त्या रकमेपेक्षा अधिक नसलेली 'वाजवी भरपाई' तेवढी मिळू शकते. म्हणजेच बंधपत्रातील आकडा ही वसुलीची कमाल मर्यादा असते.

कलम ७४ चा अपवाद

शासकीय नोकरीच्या संदर्भात कलम ७४ ला जोडलेला अपवाद निर्णायक ठरू शकतो. एखाद्या कायद्याच्या तरतुदीखाली किंवा केंद्र अथवा राज्य शासनाच्या आदेशाखाली, सार्वजनिक कर्तव्य किंवा जनतेचे हितसंबंध गुंतलेले कृत्य पार पाडण्यासाठी बंधपत्र दिले असेल, तर त्याचा भंग झाल्यावर त्यात नमूद केलेली संपूर्ण रक्कम देण्याचे दायित्व येते. अशा बंधपत्रास 'वाजवी भरपाई'ची मर्यादा लागू होत नाही.

मात्र त्याच कलमाखालील स्पष्टीकरण या अपवादाची व्याप्ती मर्यादित करते. शासनाशी करार केला एवढ्यावरून त्या व्यक्तीने सार्वजनिक कर्तव्य स्वीकारले किंवा जनहिताचे कृत्य करण्याचे वचन दिले, असे मानता येत नाही. त्यामुळे नियोक्ता शासन आहे एवढे कारण पूर्ण रकमेच्या वसुलीस पुरेसे नसते. बंधपत्र कोणत्या कायद्याखाली किंवा आदेशाखाली घेतले आणि त्यातील कर्तव्याचे स्वरूप काय आहे, हे दाखवावे लागते.

संविधान

खाजगी नियोक्त्यावर नसलेले काही निर्बंध शासन, शासकीय कंपन्या व वैधानिक महामंडळे यांच्यावर असतात, कारण संविधानाच्या अनुच्छेद १२ नुसार 'राज्य' या संज्ञेत त्यांचा समावेश होतो. अनुच्छेद १४ मुळे बंधपत्राच्या अटी व त्यांची अंमलबजावणी मनमानी असता कामा नये. अनुच्छेद १९(१)(छ) व्यवसायाचे स्वातंत्र्य देतो, तर अनुच्छेद २३ वेठबिगार व तत्सम सक्तीच्या श्रमास मनाई करतो. याच अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडानुसार सार्वजनिक प्रयोजनासाठी सक्तीची सेवा लादण्याचा अधिकार राज्यास आहे. परंतु तसे करताना केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग या कारणांवरून भेदभाव करता येत नाही.

सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशन प्रकरणात (१९८६) सर्वोच्च न्यायालयाने सौदाशक्तीतील विषमतेचा विचार केला. सामर्थ्यवान नियोक्त्याने तयार केलेल्या छापील अटींवर सही करण्यावाचून कर्मचाऱ्यास पर्याय नसेल आणि त्या अटी न्यायबुद्धीस न पटण्याइतक्या अन्यायकारक असतील, तर त्या कलम २३ खाली शून्य ठरतात, असे तत्त्व या निर्णयाने मांडले. हा वाद बंधपत्राचा नसून कारण न देता सेवा समाप्त करण्याच्या नियमाविषयी होता. तरीही बंधपत्रांना आव्हान देताना त्याचा आधार घेतला जातो.

वसुलीच्या मर्यादा

सेवेची सक्ती करता येत नाही

वैयक्तिक सेवेच्या कराराची प्रत्यक्ष अंमलबजावणी न्यायालय सामान्यतः करवून घेत नाही. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ मधील कलम १४ चा हा परिणाम आहे. म्हणून बंधपत्राची मुदत अपुरी राहिली तरी नियोक्त्याचा मुख्य उपाय भरपाईचाच राहतो. शासकीय सेवेत राजीनामा मंजूर झाल्यावरच अमलात येतो. त्यामुळे थकीत दायित्व राजीनामा मंजूर करण्यापूर्वी वसूल करण्याची तरतूद अनेक सेवानियमांत आढळते.

कर्मचाऱ्याची मूळ प्रमाणपत्रे ताब्यात ठेवून दबाव आणण्याची प्रथा काही ठिकाणी दिसते. करार अधिनियमाच्या कलम १७१ मध्ये थकबाकीपोटी वस्तू अडकवून ठेवण्याचा सर्वसाधारण हक्क बँकर, अडत्या, धक्क्याचे मालक, उच्च न्यायालयातील ॲटर्नी व विमादलाल यांना दिलेला आहे. नियोक्त्याचा समावेश या यादीत नाही. अन्य कोणास असा हक्क हवा असल्यास तसा स्पष्ट करार असावा लागतो.

सेवाकाळातील व सेवेनंतरचे निर्बंध

सेवेचा ठरलेला काळ चालू असतानाचे निर्बंध आणि सेवा संपल्यानंतरचे निर्बंध यांत न्यायालये स्पष्ट भेद करतात. या भेदाचा पाया कल्याण येथील सेंच्युरी रेयॉन कारखान्याशी संबंधित खटल्यात (१९६७) घातला गेला. टायरसाठी लागणाऱ्या धाग्याच्या निर्मितीचे प्रशिक्षण मिळालेला कर्मचारी पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वीच प्रतिस्पर्धी कारखान्यात गेला होता. करारकाळात तशाच स्वरूपाची नोकरी अन्यत्र न करण्याची अट कलम २७ चा भंग करीत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. याउलट करार संपल्यानंतरच्या काळातील बंदी शून्य असते, ही भूमिका क्रिकेटपटू झहीर खान यांच्याशी संबंधित परसेप्ट डी'मार्क प्रकरणात (२००६) सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली. म्हणून बंधपत्राची मुदत पूर्ण केलेल्या किंवा भरपाई देऊन मोकळ्या झालेल्या कर्मचाऱ्यास पुढे कोठे काम करावे हे पूर्वीच्या नियोक्त्यास ठरवता येत नाही.

रकमेची मर्यादा

कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या प्रकरणात (२०१५) सर्वोच्च न्यायालयाने कलम ७४ चा अर्थ स्पष्ट केला. नुकसान झालेलेच नसेल, तर भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. नुकसान सिद्ध करता येण्यासारखे असेल, तर ते सिद्ध करावे लागते. ते सिद्ध करणे कठीण किंवा अशक्य असेल आणि नमूद केलेली रक्कम नुकसानीचा प्रामाणिक पूर्वअंदाज असेल, तर ती रक्कम देवविता येते. हे प्रकरण भूखंडाच्या लिलावाचे होते, परंतु तत्त्व सर्व करारांना लागू आहे.

प्रशिक्षणखर्चाबाबत यातून दोन कसोट्या पुढे येतात. पहिली कसोटी प्रत्यक्ष खर्चाची: शुल्क, प्रवास, निवास, विद्यावेतन इत्यादी खर्च खरोखर झाला काय? दुसरी कसोटी उरलेल्या काळाची: कर्मचाऱ्याने बंधनकाळाचा किती भाग पूर्ण केला? दिल्ली उच्च न्यायालयापुढे आलेल्या सिक्पा इंडिया प्रकरणात (२०११) बंधनकाळ तीन वर्षांचा होता व कर्मचाऱ्याने सुमारे दोन वर्षे सेवा केली होती. लवादाने बंधपत्रातील दोन लाख रुपयांऐवजी प्रशिक्षणाच्या प्रत्यक्ष खर्चाचा एक तृतीयांश भाग मंजूर केला आणि न्यायालयाने तो निवाडा कायम ठेवला. हा नियोक्ता खाजगी होता.

ही प्रमाणशीर पद्धत उदाहरणाने स्पष्ट होते. समजा, प्रशिक्षणावर ३,६०,००० रुपये खर्च झाला आणि बंधनकाळ ३६ महिन्यांचा आहे. कर्मचाऱ्याने २७ महिने सेवा केल्यास ९ महिने, म्हणजे एक चतुर्थांश काळ उरतो. त्या प्रमाणात भरपाई ९०,००० रुपये होते. सर्व बंधपत्रांत अशी प्रमाणशीर घट लिहिलेली नसते. प्रमाणशीर हिशेब हा कायद्याने सर्वत्र घालून दिलेला नियम नसून वाजवीपणा ठरवण्याची एक पद्धत आहे. मद्रास उच्च न्यायालयाने तोष्णीवाल ब्रदर्स प्रकरणात (१९९६) असेही म्हटले आहे की, नियोक्त्याच्या खर्चाने विशेष प्रशिक्षण घेतलेला कर्मचारी ठरलेल्या काळाआधी गेल्यास त्यातच नुकसान अंतर्भूत असते व त्याचा वेगळा पुरावा आवश्यक नसतो.

देय रकमांतून कपात

बंधपत्राची रक्कम कर्मचाऱ्याच्या कोणत्याही देय रकमेतून वळती करण्याचा सरसकट अधिकार नियोक्त्यास नसतो. वेतनसंहितेतील कपातीविषयक तरतुदी ज्या आस्थापनांना लागू आहेत, तेथे कायद्यात नमूद केलेल्या कारणांखेरीज वेतनातून कपात करता येत नाही. भविष्यनिर्वाह निधीच्या रकमेस १९२५ व १९५२ च्या संबंधित अधिनियमांनी जप्तीपासून संरक्षण दिले आहे. उपदान, म्हणजेच ग्रॅच्युइटी, जप्त करण्याची कारणे उपदान प्रदान अधिनियम, १९७२ च्या कलम ४(६) मध्ये मोजकी होती व त्यांचा संबंध गैरवर्तनामुळे किंवा मालमत्तेच्या नुकसानीमुळे सेवा समाप्त होण्याशी होता. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही तीच रचना आहे. स्वेच्छेने दिलेला राजीनामा या कारणांत बसत नाही.

निवृत्तिवेतन व उपदान ही अनुच्छेद ३००क खालील मालमत्ता आहे आणि कायद्याचा आधार नसताना केवळ प्रशासकीय सूचनेवरून ती रोखता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने झारखंड राज्याच्या एका प्रकरणात (२०१३) स्पष्ट केले. तो वाद बंधपत्राचा नव्हता, तथापि देय रकमा रोखण्याच्या अधिकाराबाबत हे तत्त्व महत्त्वाचे आहे.

सुनावणीचा हक्क

करारभंग झाला किंवा नाही याबाबतच वाद असेल, तर करारातील एका पक्षाने स्वतःच न्यायाधीश होऊन भरपाई ठरवणे योग्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने श्री रामेश्वर राइस मिल्स प्रकरणात (१९८७) म्हटले आहे. नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वानुसार वसुलीपूर्वी नोटीस, खर्चाचा तपशील आणि म्हणणे मांडण्याची संधी देणे अपेक्षित असते. मागणी मनमानी वाटल्यास कर्मचारी अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात, तर केंद्र शासनाचा कर्मचारी प्रथम केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे दाद मागू शकतो. महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण आहे.

दाव्याची मुदत

मुदत अधिनियम, १९६३ नुसार करारभंगाच्या भरपाईचा दावा सामान्यतः तीन वर्षांच्या आत दाखल करावा लागतो. केंद्र किंवा राज्य शासनाने दाखल करावयाच्या दाव्यासाठी मात्र ही मुदत तीस वर्षांची आहे. शासकीय कंपन्या व बँका या स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती असल्याने त्यांना शासनासाठीची ही दीर्घ मुदत मिळत नाही. जुन्या बंधपत्राची मागणी अनेक वर्षांनी येऊ शकते, यामागील हे एक कारण आहे.

अध्ययन रजा

केंद्र शासनाच्या कर्मचाऱ्यांना केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम, १९७२ अन्वये अध्ययन रजा मिळते. सामान्यतः एका वेळी बारा महिने व संपूर्ण सेवेत चोवीस महिने अशी तिची मर्यादा आहे. रजेवर जाण्यापूर्वी बंधपत्र द्यावे लागते. कर्मचारी रजेनंतर परत रुजू झाला नाही, परतल्यापासून तीन वर्षांच्या आत सेवा सोडून गेला किंवा त्याने अभ्यासक्रम पूर्ण केला नाही, तर नियम ६३ नुसार रजावेतन, अध्ययन भत्ता, शुल्क, प्रवास व इतर खर्च व्याजासह परत करावा लागतो. केंद्रीय आरोग्य सेवेतील अधिकाऱ्यांसाठी तीन वर्षांऐवजी पाच वर्षांचा काळ आहे.

या नियमाची भाषा 'प्रत्यक्ष रक्कम' अशी आहे. म्हणजे येथे वसुलीचा पाया खरा खर्च हाच आहे. वैद्यकीय कारणावरून निवृत्त होऊ दिलेल्या कर्मचाऱ्यास परतफेड लागू होत नाही. सार्वजनिक हित किंवा प्रकरणातील विशेष परिस्थिती लक्षात घेऊन रक्कम माफ किंवा कमी करण्याचा अधिकारही नियमातच राखून ठेवला आहे. महाराष्ट्रात अध्ययन रजेचे नियमन महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ अन्वये होते.

एका शासकीय नोकरीतून दुसऱ्या शासकीय नोकरीत जाणे

प्रशिक्षित कर्मचारी केंद्र शासन, राज्य शासन किंवा सार्वजनिक उपक्रमांतच दुसऱ्या पदावर गेला, तर त्याच्या प्रशिक्षणाचा लाभ सार्वजनिक सेवेतच राहतो. या विचाराने केंद्राच्या कार्मिक व प्रशिक्षण विभागाने सूचना दिल्या आहेत. योग्य मार्गाने अर्ज करून अशा ठिकाणी जाणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्याकडून बंधपत्राची रक्कम वसूल न करता, उरलेला काळ नव्या नियोक्त्याकडे पूर्ण करण्याचे नवे बंधपत्र घेतले जाते. पूर्वपरवानगीने दुसऱ्या पदावर जाण्यासाठी दिलेल्या राजीनाम्यास 'तांत्रिक राजीनामा' म्हणतात. त्यामुळे पूर्वीची सेवा निवृत्तिवेतनासाठी गमावली जात नाही. साध्या राजीनाम्याने ती सामान्यतः गमावली जाते. परवानगी न घेता परस्पर अर्ज करणाऱ्या कर्मचाऱ्याची अडचण बहुधा येथेच होते.

सार्वजनिक उपक्रम व बँका आपापल्या सेवाशर्तींनुसार चालतात. त्यामुळे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत जाणाऱ्या अधिकाऱ्यास ही सवलत आपोआप मिळत नाही.

विजया बँक प्रकरण (२०२५)

सार्वजनिक क्षेत्रातील बंधपत्रांविषयीचा हा अलीकडील महत्त्वाचा निर्णय आहे. विजया बँकेने (१ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदामध्ये विलीन) २०१५ च्या भरतीत अशी अट घातली होती की, निवडलेल्या अधिकाऱ्याने किमान तीन वर्षे सेवा करावी. अन्यथा दोन लाख रुपये द्यावेत. एका वरिष्ठ व्यवस्थापकाने २०१७ मध्ये आयडीबीआय बँकेत जाण्यासाठी राजीनामा दिला, निषेध नोंदवून ही रक्कम भरली आणि नंतर अटीस आव्हान दिले. कर्नाटक उच्च न्यायालयाचा निकाल त्याच्या बाजूने लागला. १४ मे २०२५ रोजी न्यायमूर्ती पी. एस. नरसिंहा व न्यायमूर्ती जॉयमाल्य बागची यांच्या खंडपीठाने तो निकाल रद्द केला.

सर्वोच्च न्यायालयाच्या मते ही अट सेवाकाळापुरती होती व नंतरच्या नोकरीस तिने मनाई केलेली नव्हती. त्यामुळे कलम २७ चा भंग होत नाही. खाजगी संस्थेप्रमाणे सार्वजनिक बँकेस मर्जीनुसार नेमणूक करता येत नाही. खुली जाहिरात व स्पर्धात्मक निवड ही तिच्यावरील घटनात्मक बंधने असल्याने अकाली राजीनाम्याचा खर्च खरा असतो. अधिकाऱ्याचे पद व वेतन पाहता दोन लाखांची रक्कम अवाजवी नाही, असेही न्यायालयाने नमूद केले. रकमेचा वाजवीपणा पद व वेतनाच्या संदर्भात तपासला गेल्याने, हा निर्णय कोणत्याही रकमेच्या बंधपत्रास सरसकट मान्यता देतो असे म्हणता येत नाही. कनिष्ठ पदावरील अल्पवेतनी कर्मचाऱ्याच्या बाबतीत तीच रक्कम वेगळ्या दृष्टीने पाहिली जाऊ शकते.

वैद्यकीय शिक्षणातील बंधपत्रे

शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना पदवी, पदव्युत्तर किंवा अतिविशेषोपचार शिक्षणानंतर शासकीय रुग्णालयांत सेवा करावी लागते. महाराष्ट्रात हा काळ एक वर्षाचा असून सेवा न केल्यास एमबीबीएससाठी १० लाख, पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी ५० लाख व अतिविशेषोपचार अभ्यासक्रमासाठी २ कोटी रुपये अशा रकमा ठरवण्यात आल्या.

विविध राज्यांतील अशा बंधपत्रांना दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने १९ ऑगस्ट २०१९ रोजी फेटाळले. शासन अल्प शुल्कात शिक्षण देते व त्याच्या बदल्यात गरजू जनतेस तज्ज्ञ सेवा मिळावी ही अपेक्षा अवाजवी नाही, असे न्यायालयाचे मत होते. मात्र राज्याराज्यांतील अटींमध्ये मोठी तफावत असल्याने समान धोरण आखण्याची सूचनाही न्यायालयाने केली.

इतर देशांतील स्थिती

अमेरिकेत पोलीस व अग्निशमन दलांच्या प्रशिक्षणखर्चावरून असे वाद झाले आहेत. कॅलिफोर्नियातील ओकलंड शहर पोलीस प्रशिक्षणार्थींकडून पाच वर्षांच्या आत सेवा सोडल्यास ८,००० डॉलरची, सेवाकाळानुसार घटत जाणारी रक्कम मागत असे. २०१० मध्ये तेथील संघीय अपील न्यायालयाने ही परतफेड कर्जासारखी मानली व किमान वेतन मिळाले असल्याने ती संघीय वेतन कायद्याविरुद्ध नाही असे ठरवले. विस्कॉन्सिनमधील टू रिव्हर्स शहराच्या प्रकरणात (२००२) मात्र कपातीनंतरही कर्मचाऱ्याच्या हाती किमान वेतन राहिलेच पाहिजे, असा निर्णय झाला.

जर्मनीत संघीय कामगार न्यायालयाने प्रशिक्षणाचा काळ व बंधनकाळ यांचे ढोबळ प्रमाण ठरवले आहे: एक महिन्यापर्यंतच्या प्रशिक्षणासाठी सहा महिने, दोन महिन्यांपर्यंत एक वर्ष, आणि दोन वर्षांहून अधिक प्रशिक्षणासाठी कमाल पाच वर्षे. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निदेशानुसार कायद्याने किंवा सामूहिक कराराने नियोक्त्यावर बंधनकारक असलेले प्रशिक्षण कर्मचाऱ्यास विनामूल्य द्यावे लागते. भारतात प्रशिक्षणाचा व बंधनाचा काळ यांचे असे प्रमाण ठरवणारा सर्वसाधारण कायदा नाही.

मतभेद

बंधपत्रांच्या समर्थकांच्या मते प्रशिक्षणावरील खर्च जनतेच्या पैशातून होतो आणि तो घेऊन लगेच निघून जाणाऱ्याने त्याची भरपाई करणे न्याय्य आहे. टीकाकारांचा आक्षेप असा की, नोकरीच्या गरजेपोटी सही करणाऱ्या उमेदवारास अटींवर वाटाघाट करता येत नाही आणि मोठ्या रकमेमुळे राजीनाम्याचे स्वातंत्र्य कागदावरच उरते. ज्याच्या नव्या नियोक्त्याने रक्कम भरली तो सुटतो आणि ज्याला कौटुंबिक किंवा आरोग्याच्या कारणाने जावे लागते तो अडकतो, ही विषमताही निदर्शनास आणली जाते. खर्चाचा तपशील बंधपत्रातच देणे, सेवाकाळानुसार रक्कम घटवणे आणि आजारपणासारख्या कारणांसाठी सूट ठेवणे, हे उपाय या संदर्भात सुचवले जातात. त्यांपैकी प्रत्यक्ष खर्च व सूट ही दोन तत्त्वे अध्ययन रजेच्या केंद्रीय नियमांत पूर्वीपासून आहेत.

हे सुद्धा पहा

भारतीय करार अधिनियम, १८७२
वेठबिगार
नैसर्गिक न्याय
केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण
महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण